वस्त्रगाळ राख

रसायनशास्त्रात माझं एकच योगदान आहे आणि ते चुकीचं आहे. हे वाक्य माझं नाही, बायकोचं. तिच्या कॉलेजचं कोणी घरी आलं, चहा झाला, की ती माझ्याकडे बोट करून हे सांगायची. आलेला माणूस ‘म्हणजे कसं?’ विचारायचा आणि मी रिकामे कप उचलून आत जायचो. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ‘म्हणजे कसं’ ते सांगणारं घरात दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहितो आहे. रोज एखादं पान होतं, कधी तेही होत नाही.

आम्ही दोघंही रायपूरचेच. दोघांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले आणि इथलेच झाले. ती एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मी दुसऱ्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तात्यापारा मोहल्ल्यात वरच्या मजल्यावर आमचं घर. तिच्या बोलण्यानं आणि माझ्या पुस्तकांनी भरलेलं. पुस्तकांची धूळ कोणी झटकायची यावर आमचं लग्न बरीच वर्षं टिकून होतं.

तिचा विषय होता औषधी उपयोगाची संयुगं कमीत कमी घाण करून बनवणं. मला तिनं तो असा समजावला होता: गोळीत खरं औषध चिमूटभर असतं, पण ती चिमूट तयार करताना कारखान्यात विषारी द्रावणं लागतात, महागडे धातू लागतात, आणि शेवटी त्याची पिंपंच्या पिंपं मागे उरतात. “गोळी आपल्या पोटात जाते, बाकी सगळं नाल्यात,” ती म्हणायची. तर द्रावणाच्या जागी पाणी आणि थोडं अल्कोहोल वापरता येईल का, धातूच्या जागी एखादी साधी, स्वस्त, निरुपद्रवी वस्तू चालेल का, हे ती शोधत होती. औषध ती बनवत नव्हती. औषधाचा सांगाडा बनवत होती. त्यावर मांस चढवणारे दुसरे असतात, असं म्हणायची.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“तुमच्यासारखा,” ती म्हणाली. “खोलीत नुसता बसून राहते. बोलत नाही, हलत नाही, पण तो असला की काम लवकर होते. आणि काम झाल्यावर जसाच्या तसा परत मिळते.”

मी हे कौतुक समजलो. पुढे ती ते वर्गातही सांगते असं कळलं, तेव्हा पोरं हसतात हेही कळलं.

तिच्या संशोधनात माझा वाटा एवढाच, की तिचे पेपर बाहेर जाण्याआधी मी वाचायचो. समजत नसे, पण विरामचिन्हं बघायचो.

तिच्याकडे एक मुलगी पीएच.डी. करत होती. घर मराठी, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत देणारी. शांत, कामसू, आणि बायकोला घाबरणारी. एका कॉलेजात ती तात्पुरती शिकवायची. डिग्री झाली तर ती नोकरी टिकणार होती. नाही झाली तर पुढच्या सत्रात तिच्या जागी दुसरं कोणी. नोंदणीची मुदत संपायला दीड वर्ष उरलं होतं. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं जुन्या पद्धतींची, कोणीही केली असती अशी. डिग्री उभी राहायची ती चौथ्या प्रकरणावर, आणि चौथं प्रकरण राखेवर होतं.

धानाच्या तुसाची राख. आमच्याकडे धानाला तोटा नाही, तेव्हा तुसालाही नाही. ते जाळलं की पांढरी राख उरते, आणि तिच्या पृष्ठभागावर रेणू एकमेकांना लवकर भेटतात, अशी कल्पना. तूस जाळायला विभागात एक विजेची भट्टी होती, ती बंद पडली होती. दुरुस्तीचा अर्ज वर गेला होता आणि वरच राहिला होता.

“तुमच्या बहिणीकडे भुशाची शेगडी आहे ना?” एका रविवारी बायकोनं विचारलं.

“आहे.”

“मग आणा ना राख. पांढरी पाहिजे, काळी नको.”

“तिला काय सांगू?”

“सांगा, वहिनी औषधावर काम करून राहिली.”

“ती विचारेल कसलं औषध.”

“मग सांगा!”

“बरं.”

“तुमचं बरं म्हणजे नाही असते,” ती म्हणाली आणि झाकणाचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला.

बहीण रायपूरजवळ अभनपुरला असते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आवाजानं चौपट. तिच्या परसात लोखंडी शेगडी आहे. त्यात मिलमधून आणलेला धानाचा भुसा, म्हणजे हेच तूस, ठासून भरायचा आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवायचं. मी डबा पुढे केला आणि म्हणालो, “वहिनीनं राख मागितली आहे.”

तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

“काय म्हणतो दादा! वहिनीले अक्कल आली म्हण की. किती वर्षापासून सांगून राहिली मी, त्या साबणाच्या वड्यानं भांडे नाई निघत, हात जळते नुसते. माझी कढई पाय. तोंड दिसते का नाई?”

इथं मी दोन शब्द बोलायला हवे होते: भांड्यांसाठी नाही. ते तोंडात तयारही होते. पण बहीण बोलत असताना मधे बोलायची मला सवय नाही, आणि ती थांबली तेव्हा विषय तिच्या गुडघ्यांवर गेला होता. गुडघ्यांवरून परत राखेवर कसं यायचं ते मला सुचलं नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. बहिणीच्या घरून साधी वस्तू नेता येत नाही. लोणचं मागितलं तर वर बोटभर जास्त तेल. शेंगदाण्याची चटणी मागितली तर त्यात खोबरं. पापड मागितले तर एकावर एक लावून, दोऱ्यानं बांधून. भावाच्या घरी जे जायचं ते नुसतं जायचं नाही, हा तिचा नेम आहे. राखेच्या बाबतीतही तिनं तो मोडला नाही. जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यातून तिनं राख गाळली. वस्त्रगाळ, हळदीसारखी. मग एका कागदाच्या पुडीतून काहीतरी पांढरं मुठीनं घेतलं, राखेत टाकलं आणि हातानं मिसळून सारखं केलं.

मला ते मीठ वाटलं. राखेत मीठ का घालतील, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला नाही.

“दादाच्या घरी माझ्या हातचं साधं काही जात नाई,” ती म्हणाली आणि डबा भरून दिला.

त्या राखेनं चमत्कार केला. पूर्वी जे मिश्रण तासन् तास ढवळावं लागे, ते पाव तासात गढूळ होई आणि तळाला पिवळं चूर्ण साचू लागे. हेच ते सांगाडे. बायको संध्याकाळी घरी यायची ती जिना चढतानाच बोलत. त्या प्रयोगांतल्या एका द्रवाला कडू बदामाचा वास असतो. तो तिच्या साडीला, पर्सला, डब्याला लागून यायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं, की आमच्याकडे रोज बदामाचा शिरा होतो आणि आम्ही एकदाही वाटी खाली पाठवत नाही.

“अहो, काय राख आहे तुमच्या बहिणीची!” बायको म्हणायची. “एवढी बारीक मले लॅबमधे नसती करता आली.”

मी अभनपुरला आणखी दोनदा गेलो. बहीण खूष होती. “वहिनी किती भांडे घासते?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “बरीच.” आता मागे वळून पाहिलं, तर हे मात्र गप्प बसणं नव्हतं, खोटं बोलणं होतं.

एकच खोट निघाली होती. उत्प्रेरक परत वापरता आला पाहिजे, नाहीतर त्याला हिरवं, म्हणजे निसर्गाला न बाधणारं, कोण म्हणणार? ही राख गाळून, धुऊन दुसऱ्यांदा वापरली की मात्र ढिम्म. पहिल्यांदा वाघ, दुसऱ्यांदा मांजर. बायकोनं विचार करून लिहिलं, की राखेची सूक्ष्म छिद्रं बुजत असावीत. ते वाक्य मी दोनदा तपासलं. विरामचिन्हं बरोबर होती.

पेपर एका नियतकालिकाला गेला. काही महिन्यांनी परीक्षकांच्या शंका आल्या; फार नव्हत्या. काम चांगलं आहे, फक्त राख ठरावीक तापमानाला भट्टीत करून एकदा दाखवा, अशी पहिली सूचना. तोवर विभागाची भट्टी दुरुस्त झाली होती. मुलीनं मिलमधून तूस आणलं, धुतलं, वाळवलं, भट्टीत जाळलं. दुधासारखी पांढरी राख झाली. ती प्रयोगात घातली आणि काहीच झालं नाही. पाव तास, अर्धा तास, तास. मिश्रण आपलं स्वच्छ.

“भांडं कोरडं होतं?” बायकोनं विचारलं.

“जी, मॅडम.”

“हात धुतले होते?”

“जी, मॅडम.”

“मग पुन्हा कर.”

आठवडाभर हेच. शेवटी एका दुपारी मुलगी आमच्या घरी येऊन खुर्चीच्या टोकाशी बसली. डोळे लाल. “मॅडम, मुझसे नहीं हो रहा. आप करके देख लीजिए.” मॅडमनी करून पाहिलं. मॅडमकडूनही झालं नाही. मग धानाच्या जातीवर संशय गेला, मग कॉलेजच्या पाण्यावर, मग मिलवाल्यावर. तो भुशात काहीतरी मिसळतो म्हणे. भुशात कोणी काय मिसळणार, हे मी विचारलं असतं, पण मी विचारत नाही. मुलीच्या मुदतीतले आता सात महिने उरले होते, आणि तिला मनातून वाटत होतं की खोट तिच्या हातात आहे. बायको ते नाकारत नव्हती. कडक होती. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, पण ती कडक होती.

परीक्षकांच्या शंकांचा कागद विरामचिन्हांसाठी माझ्याकडेच होता. त्यातली तिसरी शंका मी तोवर नीट वाचली नव्हती, कारण तिच्यात चूक नव्हती. राखेचा प्रभाव तिच्यातल्या पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांमुळे तर नाही ना, हे लेखकांनी तपासावं, असं लिहिलं होतं. पाण्यात विरघळणारे. म्हणजे धुतले की जाणारे. म्हणजे दुसऱ्यांदा वापरताना नसणारे. मी ग्रंथालयात बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं आणि क्षारांची यादी वाचू लागलो. धुण्याच्या सोड्यापाशी आलो आणि अभनपुरची ती कागदाची पुडी डोळ्यांसमोर उभी राहिली. ते मीठ नव्हतं.

तरी मी आठ दिवस गप्प होतो. वाटायचं, आपण ग्रंथपाल, आपल्याला काय कळतं? वाटायचं, बहिणीचं नाव कशाला घ्यायचं? आणि सगळ्यात जास्त वाटायचं, की त्या राखेनं बायकोला दिलेला आनंद पुसणारा माणूस मी नको. त्या आठ दिवसांत ती मुलगी रोज सकाळी लॅबमध्ये जाऊन रोज संध्याकाळी हरून येत होती. हे मला माहीत होतं. त्याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बायको पोहे करत होती.

“त्या राखेत बहुतेक धुण्याचा सोडा आहे,” मी म्हणालो.

तिचा झारा थांबला. “कोणत्या राखेत?”

“बहिणीच्या.”

“कधीपासून?”

“पहिल्या डब्यापासून.”

“तुम्हाले कोणी सांगितलं?”

“मी पाहिलं. तेव्हा मीठ वाटलं होतं. सोडा असावा हे आठ दिवसांपूर्वी लक्षात आलं.”

“आठ दिवस!” ती म्हणाली. पोहे करपू लागले होते. तिनं गॅस बंद केला नाही. कढई उतरवून बाजूला ठेवली, पर्समधून राखेचे दोन्ही नमुने काढले, एका चमच्यावर अभनपुरची राख घेतली, दुसऱ्यावर भट्टीतली, दोन्ही ओल्या केल्या आणि एकेक ज्योतीत धरली. ज्योत दोन्हीनं पिवळी झाली, पण भट्टीतल्या राखेनं नुसती पिवळी आणि अभनपुरच्या राखेनं पिवळीजर्द, चमचा बाजूला केला तरी डोळ्यांत राहणारी. म्हणजे सोडाच. मग ती ओट्याला टेकली आणि हसू लागली. इतकी हसली, की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

“वर्षभर मी सोडा टाकून राहिली,” ती म्हणाली. “अकरावीचं पोट्टं करते तो प्रयोग! आणि वर लिहिलं, छिद्रं बुजतात!”

हसणं ओसरल्यावर तिनं चमचे सिंकमध्ये टाकले. मग म्हणाली, “त्या पोट्टीले किती रडवलं मी.”

कॉलेजच्या उपकरणावर तिनं त्याच दिवशी सोडा आहे एवढी खात्री करून घेतली; किती, ते मोजलं नाही. मुलीची माफी तिनं शब्दांत मागितली नाही. ते तिला जमत नसे. मुलीची सगळी काचेची भांडी, जी एरवी मुलीनंच धुवायची असत, ती तिनं दुपारभर सिंकपाशी उभं राहून स्वतः धुतली. मुलगी मागे उभी राहून “मॅडम, रहने दीजिए ना” म्हणत होती, हे मला मुलीनंच पुढे सांगितलं.

रविवारी आम्ही दोघं अभनपुरला गेलो.

“राखेत काय घालता तुमी?” बायकोनं पायऱ्या चढता चढताच विचारलं.

“सोडा,” बहीण म्हणाली. “काहून? कमी पडला का?”

“सोडा काहून घातला?”

“आता साधी राख देऊ का वहिनीले? लोक काय म्हणतीन? भांडे चमकले नाई का?”

“भांड्याले नव्हती ती. औषधाच्या प्रयोगाले होती.”

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं. मी परसातल्या शेगडीकडे पाहिलं.

“दादा बोलला नाई मले!”

“बोलत नाहीतच ते,” बायको म्हणाली. “तुमी लहानपणापासून ओळखता, मी तर फसून आली.” आणि दोघी हसायला लागल्या. जेवताना त्यांनी मलाच तोंडी लावलं.

पेपर तिनं परत मागवला. स्वीकारला जाण्याच्या बेतात असलेला पेपर कोणी परत मागवत नाही. विभागप्रमुखांनी तिला सुचवून पाहिलं, की सोड्याचा उल्लेख एका ओळीत करून भागवता येईल. ती म्हणाली, “सर, एका ओळीत सोडा आणि शीर्षकात राख, असं कसं चालेल?” आणि पत्र पाठवून दिलं.

मग नुसत्या राखेवर काम सुरू झालं. मंद आचेवर, पाणी आणि अल्कोहोलात, ढवळत ठेवलं, तर दुपारभरानं का होईना, पिवळं चूर्ण यायला लागलं. कमी यायचं, उशिरा यायचं. पण तीच राख गाळून दुसऱ्यांदा वापरली तरी यायचं, तिसऱ्यांदाही, पाचव्यांदाही. बायकोनं हे जेवताना सांगितलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “हळू आहे. पण पळून जात नाही.” मी भाजी वाढून घेतली.

चौथं प्रकरण नव्यानं लिहिलं गेलं. त्यात दोन तक्ते होते. पहिला सोडा मिसळलेल्या राखेचा, तो कसा फसवा ठरला त्यासह. दुसरा खऱ्या राखेचा. पहिल्या तक्त्याखाली, राख कुठून आली या रकान्यात, मुलीनं ‘घरगुती स्रोत’ असं लिहिलं होतं. हे चालू असतानाच बायकोचं दुखणं निघालं. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. पुढच्या तीन महिन्यांत ती गेली.

घरात त्या दिवसांत राख हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. बहीण पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत आमच्याकडे राहिली, रोज भांडी घासली, पण साबणाच्या वडीनं. आणि प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तो शब्द पानोपानी होता. मुलगी त्याच्या प्रती घेऊन आली, तेव्हा तो शब्द कसा टाळायचा ते तिला कळेना. “सर, वो चौथा चॅप्टर,” एवढंच म्हणायची.

तिला नवे मार्गदर्शक मिळाले होते. त्यांचं म्हणणं, पहिला तक्ता काढून टाका. चूक होती, सुधारली, विषय संपला. बाहेरचे परीक्षक त्यावर बोट ठेवतील, मुदत संपत आली आहे, मग नसती आफत. म्हणणं व्यवहाराचं होतं.

“सर, मॅडम होतीं तो क्या कहतीं?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. खरोखरच नव्हतं, आमचं त्यावर बोलणं झालं नव्हतं, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालायला मला आवडत नाही. एवढंच माहीत होतं, की तिनं पेपर परत मागवला होता. मी तेवढंच सांगितलं.

“और डिग्री अटक गई तो?”

मी तिला पाणी आणून दिलं. ती थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली. तक्ता तिनं ठेवला.

तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, बोलण्यात मऊ, आणि मऊपणामुळेच भीती वाटावी असे. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “ये ‘घरेलू स्रोत’ क्या चीज़ होती है, बेटी? किसका घर?”

मुलीनं नव्या मार्गदर्शकांकडे पाहिलं, त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता गेली हिची नोकरी. मी उभा राहिलो. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. आयुष्यात सभागृहात मी कधी बोललेलो नाही. ग्रंथालयातही ‘शांतता राखा’ अशी पाटी लावून मी तेवढंही बोलणं वाचवलं होतं. मी हिंदीत सगळं सांगितलं. डबा, बहीण, कढई, पुडी, मीठ, आठ दिवस. भाषा धड नव्हती. मधे दोन वाक्यं मराठीत गेली.

परीक्षक ऐकत होते. “आपने उसी दिन पूछा क्यों नहीं, कि पुड़िया में क्या है?”

“साहब, मैं पूछता नहीं,” मी म्हणालो.

सगळे हसले. मी खाली बसलो. परीक्षक हसले नाहीत. ते मुलीकडे वळले आणि तिला अर्धा तास खऱ्या राखेबद्दल विचारत राहिले: कितव्यांदा वापरल्यावर तिची ताकद किती उतरते, का उतरते, धुतलेल्या पाण्यात काय सापडतं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली, एकदाही मागे न पाहता. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, काम खरं आहे, पण पहिला तक्ता अपुरा आहे. चूक छापायची असेल, तर दुसऱ्यालाही ती करता आली पाहिजे. राखेत सोडा किती होता? प्रमाण लिहून आणा, मग सही करतो. त्याआधी नाही.

अभनपुरच्या राखेचा कणही उरला नव्हता. तपासण्यात संपला होता. मुदतीला बारा दिवस होते. मुलगी आणि मी कॉलेजचा छोटा वजनकाटा घेऊन बहिणीकडे गेलो.

“किती सोडा घालायचीस तू?” मी विचारलं. या वेळी मीच विचारलं.

“दोन ओंजळी राखेले एक मूठ.”

“मूठ म्हणजे किती?”

“मूठ म्हणजे मूठ. तुले मूठ माहीत नाई का दादा?”

मुलीनं परसात स्टुलावर काटा ठेवला. बहिणीनं ओंजळीनं राख मोजून दिली, मग सोड्यात हात घातला आणि मूठ काट्यावरच्या कागदावर सोडली. मुलीनं लिहून घेतलं आणि म्हणाली, “एक बार और, आत्या.” दुसरी मूठ पहिलीपेक्षा कमी भरली. बहीण ओशाळली. तिला वाटलं, तिची काही चूक झाली.

“ऐसा ही होता है,” मुलगी म्हणाली. “हम बीच का लेते हैं.”

“तसं नाई,” बहीण म्हणाली. “हे रोजची मूठ झाली. वहिनीसाठी रोजची नव्हती घातली मी. दाबून भरली होती.”

शेगडीवर पाणी तापत होतं.

“तो वैसी ही भरिए,” मुलगी म्हणाली.

बहिणीनं पुन्हा हात घातला, सोडा दाबून भरला, मूठ काट्यावर नेली आणि तशीच धरून राहिली. मूठ काट्याला टेकल्यामुळे आकडा सारखा हलत होता. मुलीनं घाई केली नाही. थोड्या वेळानं मूठ उघडली, हात दूर झाला आणि आकडा थांबला. असं तीनदा केलं. मुलीनं तिन्ही आकडे वहीत लिहिले, मधला काढला, खाली तारीख घातली आणि वही बहिणीपुढे धरली.

“जिसने प्रयोग किया, उसकी साइन लगती है, आत्या.”

बहिणीनं पदराला हात पुसले, माझ्याकडून पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. परीक्षकांची सही त्यानंतर सहाव्या दिवशी झाली.